वाळवणाचे विज्ञान : सेंद्रिय सौरघटाचा सक्रिय थर कसा घडतो

सिलिकॉनच्या सौरघटात वीज निर्माण करणारे द्रव्य, म्हणजे सिलिकॉनचा स्फटिक, आधी भट्टीत तयार होते, मग त्याचे पातळ काप काढून त्यांवर पुढील संस्कार केले जातात. त्यामुळे द्रव्य कोणते आणि त्याचा घट बनवला कसा, हे दोन प्रश्न तेथे बऱ्याच अंशी वेगळे ठेवता येतात. सेंद्रिय सौरघटात ही सोय नाही. तेथे वीज निर्माण करणारे द्रव्य कर्बाच्या साखळ्या आणि वलये असलेल्या रेणूंचे असते, ते द्रावकात विरघळवून त्याची रंगीत शाई केली जाते, ती शाई काचेवर किंवा प्लॅस्टिकच्या पट्टीवर पसरली जाते आणि द्रावक उडून गेल्यावर मागे जो पापुद्रा उरतो, त्यालाच घटाचा ‘सक्रिय थर’ म्हणतात. या थराची जाडी साधारण १०० नॅनोमीटर, म्हणजे मिलिमीटरचा दहा हजारावा भाग असते. पीठ तेच असले तरी ऊन, वारा आणि पळी फिरवणारा हात बदलला की पापड बदलतो, हे पळीपापड घालणाऱ्याला सांगावे लागत नाही. सौरघटाच्या प्रयोगशाळांना मात्र हीच गोष्ट मोजमापाने पटवून घ्यायला बराच काळ लागला.

थराच्या घडणीला एवढे महत्त्व का, हे समजण्यासाठी प्रकाशाचा कण या थरात शिरल्यावर काय होते ते पाहावे लागते. सिलिकॉनमध्ये प्रकाश शोषला गेला की ऋणभारित इलेक्ट्रॉन आणि त्याच्या मागे राहिलेली धनभारित रिकामी जागा, म्हणजे ‘होल’, जवळजवळ लगेच एकमेकांपासून मोकळे होतात. सेंद्रिय रेणूंत ते परस्परांना धरून राहतात; या जोडीला एक्सायटॉन म्हणतात. एक्सायटॉनचे आयुष्य अत्यंत अल्प असते आणि तेवढ्या अवधीत तो बहुतेक द्रव्यांत १० नॅनोमीटरच्या आसपासच सरकू शकतो. तेवढ्या अंतरात त्याला फोडणारे ठिकाण सापडले नाही, तर शोषलेली ऊर्जा उष्णतेच्या किंवा मंद प्रकाशाच्या रूपाने वाया जाते. असे ठिकाण म्हणजे दोन वेगळ्या द्रव्यांची सीमा : एक द्रव्य इलेक्ट्रॉन देणारे, त्याला ‘दाता’ म्हणतात, आणि दुसरे तो ओढून घेणारे, म्हणजे ‘ग्राही’.

अमेरिकेतील ईस्टमन कोडॅक कंपनीत चिंग टँग यांनी १९८६ मध्ये प्रसिद्ध केलेल्या घटात दाता आणि ग्राही यांचे दोन सपाट थर निर्वात पेटीत एकावर एक बसवलेले होते आणि त्या घटाची कार्यक्षमता, म्हणजे पडलेल्या सूर्यप्रकाशापैकी विजेत रूपांतरित झालेला हिस्सा, सुमारे १ टक्का होती. त्या काळी ती मोठी मजल होती, पण सपाट सीमेची मर्यादाही तिच्यात दडलेली होती, कारण सीमेपासून दूर जन्मलेले एक्सायटॉन सीमेपर्यंत पोचतच नाहीत. पुढे पॉलिमरकडून ६० कर्ब अणूंच्या चेंडूसारख्या फुलरीन रेणूकडे इलेक्ट्रॉन अतिशय वेगाने उडी घेतो, हे १९९२ मध्ये सरिचिफ्ची, हीगर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दाखवले आणि १९९५ मध्ये हीगर यांच्याच गटाने दोन्ही द्रव्ये एकाच शाईत मिसळून पसरली. वाळताना ती एकमेकांपासून अलग होऊ लागतात, पण पूर्णपणे अलग होण्याआधीच थर गोठतो आणि दोन रंगांचे पीठ अर्धवट मळावे तशी एकमेकांत गुंतलेली जाळी त्यात तयार होते. अशा रचनेत सीमा सर्वत्र असते, म्हणून एक्सायटॉन कोठेही जन्मला तरी ती त्याला जवळच सापडते.

मात्र ही जाळी कोणी विणत नाही. ती वाळता वाळता आपोआप बनते, आणि तिच्याकडून असलेल्या अपेक्षा एकमेकींच्या विरोधात जाणाऱ्या आहेत. एक्सायटॉनसाठी दाता व ग्राही यांचे पुंजके १०-२० नॅनोमीटरइतके बारीक हवेत. पण सुटलेल्या इलेक्ट्रॉनला आणि होलला आपापल्या विद्युतअग्रापर्यंत जाण्यासाठी सलग वाटा हव्यात, आणि फार बारीक मिश्रणात त्या वाटा तुटतात. रेणू नीट रचून बसले, म्हणजे स्फटिक बनले, तर विद्युतभार त्यांतून वेगाने वाहतो. पण स्फटिकांना वाढायला वेळ दिला तर पुंजकेही वाढतात. पाक सावकाश ठेवला तर खडीसाखरेचे टपोरे खडे मिळतात आणि घाईने घोटला तर बारीक दाणा पडतो. सेंद्रिय सौरघटाला लागतो तो दाणा या दोहोंच्या मधला, आणि तो नेमका कोणत्या क्षणी धरायचा हे लेप देण्याच्या पद्धतीवर ठरते.

प्रयोगशाळांत सर्वाधिक वापरली जाणारी पद्धत ‘स्पिन कोटिंग’ ही आहे. अडीच सेंटिमीटर बाजूची काच एका चकतीवर निर्वाताने घट्ट धरली जाते, तिच्या मध्यावर पिपेटने शाईचे काही थेंब सोडले जातात आणि चकती मिनिटाला हजार ते काही हजार फेऱ्यांच्या वेगाने फिरू लागते. पहिल्या क्षणातच बहुतेक शाई कडेवरून भिरकावली जाते, उरलेला ओला थर बाहेरच्या दिशेने वाहत पातळ होतो, त्यावर साबणाच्या फुग्यावर दिसतात तशा रंगांच्या कडा सरकताना दिसतात आणि मग वाहणे मागे पडून बाष्पीभवन वरचढ ठरते. पी-३-एच-टी या दीर्घकाळ अभ्यासल्या गेलेल्या पॉलिमरची शाई नारिंगी असते. साखळ्या एकमेकींवर रचल्या जाऊ लागल्या की थर नारिंगीचा जांभळट होतो, त्यामुळे घडणीचा हा क्षण नुसत्या डोळ्यांनीही टिपता येतो.

फिरत्या चकतीवर द्रव कसा पसरतो याचे गणित एम्स्ली, बॉनर आणि पेक यांनी १९५८ मध्येच मांडले होते आणि सुरुवातीला ओबडधोबड पडलेला द्रवसुद्धा फिरण्यामुळे आपोआप समतल होतो, हे त्यातून दिसून आले होते. या पद्धतीची लोकप्रियता त्यातच आहे : हात फारसा कुशल नसला तरी थर एकसारखा येतो. व्यवहारात थराची जाडी फेऱ्यांच्या वेगाच्या वर्गमुळाच्या व्यस्त प्रमाणात बदलते, म्हणजे जाडी निम्मी करायची तर वेग १००० वरून ४००० फेऱ्यांवर न्यावा लागतो. पण वेगाचा परिणाम जाडीपुरता थांबत नाही. फिरणारी काच स्वतःच पंख्यासारखी हवा बाहेर फेकते, वाफ झटपट वाहून नेते आणि थर काही सेकंदांत वाळवते. त्यामुळे जाडीसाठी वेग बदलणारा संशोधक नकळत वाळण्याचा वेळही बदलत असतो आणि त्याबरोबर आतली जाळीही. या क्षेत्रातील अनेक जुन्या निष्कर्षांत ही गल्लत झालेली असावी.

वाळण्याचा परिणाम किती खोलवर जातो याचे गाजलेले उदाहरण २००१ चे आहे. ऑस्ट्रियातील लिंझ येथील शाहीन, ब्राबेक, सरिचिफ्ची आणि सहकाऱ्यांच्या गटाने तेच पॉलिमर आणि तेच फुलरीन घेऊन केवळ द्रावक बदलला. टोल्युईनमधून ओतलेल्या थराचा घट ०.९ टक्के कार्यक्षमतेचा निघाला, तर क्लोरोबेंझिनमधून ओतलेल्या थराच्या घटाने २.५ टक्के गाठले. टोल्युईनमध्ये फुलरीन कमी विरघळते, त्यामुळे शाई आटू लागताच ते लवकर साक्याप्रमाणे अलग होते आणि त्याचे पुंजके सुमारे अर्ध्या मायक्रोमीटरपर्यंत, म्हणजे एक्सायटॉनच्या पल्ल्याच्या कितीतरी पट वाढतात. क्लोरोबेंझिनमध्ये ते अखेरपर्यंत विरघळलेले राहते आणि अलग व्हायला त्याला सवडच मिळत नाही. एकही नवा रेणू न बनवता कार्यक्षमता अडीच पटींहून अधिक वाढली, आणि तेव्हापासून द्रावकाकडे केवळ रेणू वाहून आणणारा हमाल म्हणून पाहणे संपले.

नेमके उलटे औषध पी-३-एच-टीला लागू पडले. या पॉलिमरला स्फटिक बनायला वेळ लागतो आणि स्पिन कोटिंगची घाई त्याला मानवत नाही. लॉस एंजेलिस येथील कॅलिफोर्निया विद्यापीठात यांग यांग यांच्या गटाने २००५ मध्ये काच कमी वेगाने फिरवून थर ओला असतानाच थांबवली आणि ती झाकलेल्या काचबशीत ठेवून दिली, तेव्हा काही सेकंदांऐवजी सुमारे २० मिनिटे घेऊन वाळलेल्या त्या थराने ४.४ टक्के कार्यक्षमता दिली. त्याच सुमारास वाळलेला थर तापवून तोच परिणाम मिळवण्याचा मार्गही रूढ झाला, कारण उष्णतेने गोठलेल्या साखळ्यांना पुन्हा थोडी हालचाल करता येते. एका द्रव्याला घाई हवी आणि दुसऱ्याला सवड, हे कळल्यावर सर्व द्रव्यांना लागू पडेल असा वाळवण्याचा एकच उत्तम वेग शोधणे व्यर्थ ठरले.

घाई आणि सवड एकाच थरात साधण्याची युक्ती २००७ मध्ये हीगर, बाझान आणि सहकाऱ्यांच्या गटाने पुढे आणली. त्यांनी शाईत काही टक्के अल्केन-डायथायॉल हे अतिशय सावकाश उडणारे द्रव्य मिसळले आणि त्या मिश्रणाच्या घटाची कार्यक्षमता २.८ वरून ५.५ टक्क्यांवर गेली. मुख्य द्रावक उडून गेल्यावरही हे द्रव्य थरात रेंगाळते. त्यात फुलरीन विरघळते पण पॉलिमर विरघळत नाही, त्यामुळे पॉलिमरच्या साखळ्या आधी रचल्या जातात आणि फुलरीन मागाहून उरलेल्या जागांत बसते. पुढे डाय-आयोडोऑक्टेन हे असेच मिश्रक इतके रूढ झाले की काही वर्षे ते नसलेली कृती अपवादानेच आढळे. त्याची किंमतही मोजावी लागली : ते थरातून पूर्णपणे जात नाही, आणि मागे राहिलेला अंश प्रकाशात विघटित होऊन आयोडिनचे क्रियाशील तुकडे सोडतो व घटाचे आयुष्य कमी करतो. कार्यक्षमतेच्या स्पर्धेत ही बाजू बराच काळ दुर्लक्षित राहिली, हे त्या स्पर्धेला फारसे भूषणावह नाही.

तापमान हे लगाम म्हणून किती उपयोगी पडते, ते २०१४ मध्ये हाँगकाँग विज्ञान व तंत्रज्ञान विद्यापीठातील हे यान यांच्या गटाने दाखवले. त्यांच्या पॉलिमरच्या साखळ्या गरम शाईत सुट्या राहत आणि शाई निवू लागली की एकत्र येत, म्हणून शाई आणि काच दोन्ही तापवून लेप दिला जाई व निवण्याची गती राखून पुंजक्यांचा आकार ठरवला जाई. हे घट १०.८ टक्क्यांपर्यंत गेले, आणि त्याहून महत्त्वाचे म्हणजे थर ३०० नॅनोमीटर जाड असतानाही त्यांची कार्यक्षमता ढासळली नाही. कारखान्याच्या दृष्टीने हा दुसरा गुण अधिक मोलाचा आहे, कारण १०० नॅनोमीटरच्या थरात धुळीचा एक कण किंवा आधारपट्टीवरचा एक उंचवटाही आरपार छिद्र पाडून घट निकामी करू शकतो.

कारखान्याचा विचार आला की स्पिन कोटिंगची मर्यादा साध्या हिशेबानेच उघडी पडते. शाईच्या एका मिलिलिटरमध्ये २० मिलिग्रॅम घन द्रव्य आहे आणि त्याची घनता १.२ आहे असे धरले, तर अडीच सेंटिमीटरच्या काचेवर १०० नॅनोमीटर थरासाठी जेमतेम ७५ मायक्रोग्रॅम द्रव्य लागते. पण काचेवर ५० मायक्रोलिटर शाई सोडली, तर तिच्यात १००० मायक्रोग्रॅम द्रव्य असते. म्हणजे नऊ दशांशांहून अधिक द्रव्य भांड्याच्या भिंतीवर जाते. शिवाय शंभर मीटर लांबीची पट्टी चकतीवर फिरवता येत नाही, ही अडचण वेगळीच.

पात्याने लेप देण्याची पद्धत या दृष्टीने पुढची पायरी आहे. काचेच्या किंवा पट्टीच्या काही शे मायक्रोमीटर वर एक सरळ धार धरली जाते, तिच्यापुढे शाई ठेवली जाते आणि पाते सरकवले की मागे पातळ ओला थर उरतो. अंगण सारवताना हाताची कड जे करते तेच येथे यंत्राचे पाते करते. मात्र सारवणाऱ्या हाताला अपरिचित अशी एक गोष्ट येथे घडते. पाते बऱ्यापैकी वेगाने जात असेल, तर वेग वाढवल्यावर थर जाड होतो, कारण सरकणारा पृष्ठभाग आपल्याबरोबर अधिक द्रव ओढून नेतो. द्रवातून बाहेर ओढल्या जाणाऱ्या पट्टीसाठी लेव लांडाऊ आणि बेंजामिन लेविच यांनी १९४२ मध्ये दाखवलेला हा नियम असून त्यात जाडी वेगाच्या दोन-तृतीयांश घातांकाने वाढते. पाते अगदी सावकाश, सेकंदाला मिलिमीटरच्या अंशाने सरकत असेल, तर मात्र वेग वाढवल्यावर थर पातळ होतो, कारण तेथे शाई पात्याच्या कडेलाच वाळत असते आणि पाते जितके रेंगाळेल तितके द्रव्य त्या ठिकाणी साचते. एकाच यंत्रावर एकच बटण दोन उलट परिणाम देते, आणि या दोन टोकांच्या मध्ये कोठेतरी सर्वांत पातळ थर मिळतो.

या दोन प्रकारांतली आतली रचनाही सारखी नसते. सावकाश वेगात साखळ्या वाळणाऱ्या कडेवर एकेक करून बसतात आणि ओढीच्या दिशेला लागू शकतात. वेगवान प्रकारात आधी सगळा ओला थर अंथरला जातो आणि मग तो वरून खाली एकदम वाळतो. प्रवाहाच्या या ताणाचा हेतुपुरस्सर उपयोग करण्यासाठी स्टॅनफर्ड येथील झेनान बाओ यांच्या गटात यिंग दियाओ आणि सहकाऱ्यांनी पात्याच्या पुढच्या भागात सूक्ष्म खांबांच्या रांगा कोरल्या. शाई त्या खांबांमधून वाट काढताना तिच्यातील साखळ्या ताणल्या जातात आणि वाळण्याआधीच स्फटिकासाठी सज्ज होतात. दाता आणि ग्राही दोन्ही पॉलिमर असलेल्या घटांत या पात्यामुळे दात्याची स्फटिकता वाढली आणि पुंजकेही बारीक राहिले, असे त्यांनी २०१५ मध्ये दाखवले. एरवी एकमेकींना अडवणाऱ्या या दोन अपेक्षा एकाच वेळी पूर्ण होण्याचे हे एक विरळ उदाहरण होय.

मोठ्या प्रमाणावरील उत्पादनासाठी सर्वांत आशादायक मानली जाणारी पद्धत ‘स्लॉट-डाय’ ही आहे. तिच्यात धातूच्या दोन ओठांमधल्या अरुंद फटीतून शाई पंपाने सोडली जाते आणि खालून पट्टी सरकत राहते. ओल्या थराची जाडी येथे शाईचा प्रवाह, पट्टीची रुंदी आणि तिचा वेग यांवरूनच ठरते. दिलेली सगळी शाई पट्टीवरच जाते. वर धरलेल्याच शाईतून १०० नॅनोमीटरचा कोरडा थर हवा असेल, तर ओला थर सुमारे ६ मायक्रोमीटरचा लागतो, आणि ३० सेंटिमीटर रुंदीची पट्टी मिनिटाला ५ मीटर वेगाने धावत असेल, तर पंपाने मिनिटाला फक्त ९ मिलिलिटर शाई द्यायची असते. एका चौरस मीटरला घन द्रव्य लागते ०.१२ ग्रॅम. सेंद्रिय सौरघटाबद्दलचे सगळे आकर्षण या एका आकड्यात आहे.

ही पद्धत सौरघटासाठी जन्मलेली नाही. तिचे मूळ फोटोच्या फिल्मवर रसायनांचे थर देण्याच्या उद्योगात आहे आणि तिचे १९५४ चे पेटंट अल्बर्ट बेगुइन यांच्या नावावर, ईस्टमन कोडॅकच्याच मालकीचे आहे. ज्या कंपनीत टँग निर्वात पेटीत घट बनवत होते, त्याच कंपनीच्या फिल्म कारखान्यांना ओल्या लेपाची विद्या अवगत होती, हा योगायोग नोंदवण्याजोगा आहे. पुढे अमेरिकेतील कोनार्का या कंपनीने मॅसॅच्युसेट्समधील न्यू बेडफर्ड येथे पोलरॉइडच्या जुन्या कारखान्यात सेंद्रिय सौरपट्ट्यांचे उत्पादन सुरू केले, परंतु २०१२ मध्ये तिचे दिवाळे निघाले. डेन्मार्कमध्ये फ्रेडरिक क्रेब्स यांच्या गटाने मात्र गुंडाळीवरून गुंडाळीवर, म्हणजे एका रिळावरची पट्टी लेप व छपाई करत दुसऱ्या रिळावर गुंडाळत नेण्याच्या पद्धतीने, घटाचे थर उघड्या हवेत देऊन दाखवले. जर्मनीतील ड्रेस्डेनच्या हेलियाटेक कंपनीने द्रावकाची कटकटच नको म्हणून छोटे रेणू निर्वातात उडवून थर देण्याचा, म्हणजे टँग यांचाच, मार्ग धरला.

फवारणी, ग्रॅव्ह्युअर आणि जाळीतून छपाई यांचा सक्रिय थरासाठी मर्यादित उपयोग होतो, म्हणून त्यांचा येथे केवळ उल्लेख पुरे. इंकजेट छपाईत हव्या त्या आकाराचे घट छापता येतात, पण तेथे चहाच्या डागाची अडचण येते : चहाचा थेंब वाळला की कडेला गडद वलय उरते, कारण कडा जागची न हलता तेथे बाष्पीभवन अधिक होते आणि त्याची भरपाई करायला मधला द्रव कडेकडे वाहत जातो. शिकागोच्या डीगन आणि सहकाऱ्यांनी १९९७ मध्ये हे कारण स्पष्ट केले. लवकर आणि उशिरा उडणारे दोन द्रावक योग्य प्रमाणात मिसळले, तर कडेपाशी पृष्ठताणात फरक पडतो, द्रव उलट मध्याकडे खेचला जातो आणि वलय फिके होते.

चकतीवरची कृती स्लॉट-डायवर नेली की कार्यक्षमता घसरते, हा या क्षेत्रातील नेहमीचा अनुभव असून त्याचे मुख्य कारण आता ध्यानात आले असेल : पट्टीवर पंख्यासारखी हवा फेकणारी फिरती काच नाही. तीच शाई तेथे अनेक पट सावकाश वाळते आणि पुंजके हाताबाहेर वाढतात. म्हणून पट्टीखालचा पृष्ठभाग तापवणे किंवा ओल्या थरावर नायट्रोजनचा सपाट झोत सोडणे असे उपाय करून वाळण्याचा वेळ पुन्हा आखून घ्यावा लागतो. त्यात द्रावकही बदलावा लागतो, कारण क्लोरोफॉर्म आणि क्लोरोबेंझिन हे प्रयोगशाळेच्या बंद पेटीत चालून जाणारे विषारी द्रावक कारखान्यात पिंपांनी वापरता येत नाहीत. क्लोरोफॉर्म ६१ अंश सेल्सियसला उकळतो आणि त्याच्या जागी येणारे ऑर्थो-झायलिन १४४ अंशांना. एवढ्या फरकाने वाळण्याचे सगळे गणित नव्याने मांडावे लागते.

वाय-६ या ग्राही रेणूने २०१९ मध्ये १५.७ टक्क्यांची मजल मारल्यानंतर सेंद्रिय घटांचे आकडे वेगाने चढले आणि आता ते २० टक्क्यांच्या आसपास पोचले आहेत. यांपैकी बहुतेक आकडे चकतीवर फिरवलेल्या काचेवरचे, करंगळीच्या नखाहूनही लहान घटांचे आहेत. बातमीत असा आकडा दिसला की वाचकाने त्याच्या शेजारी घटाचे क्षेत्रफळ आणि लेपाची पद्धत दिली आहे का, ते आधी पाहावे. मार्टिन ग्रीन आणि सहकारी १९९३ पासून प्रसिद्ध करत असलेल्या कार्यक्षमतेच्या कोष्टकांत मुख्य यादीत येण्यासाठी घट किमान १ चौरस सेंटिमीटरचा असावा लागतो. आणि ‘मॉड्यूल’ म्हणून नोंद हवी असेल तर ८०० चौरस सेंटिमीटरचा, म्हणजे फुलस्केप कागदाच्या पानाहून किंचित मोठा.